खिंडीतला माणूस

आमच्या घरी टीव्ही आला २००४ साली, आणि मी चिनी भाषा पहिल्यांदा नीट ऐकली २०१५ साली. मधली अकरा वर्षं मी मनात कुठंतरी असंच धरून चाललो होतो की चिनी लोक हिंदीत बोलतात.

धावडा हे भोकरदन तालुक्यातलं गाव. जालना जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. एकीकडं अजिंठ्याचा डोंगर, दुसरीकडं बुलडाणा जिल्ह्याची हद्द. मिरची, मका, कापूस. लाइट असली तर केबल दिसायची, आणि केबलवाल्या भाऊकडं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर तो दुपारी सीडी लावायचा. हिंदी पिक्चर लावला की बायका खूश, आणि हिंदीत डब केलेला 'चायना पिक्चर' लावला की आम्ही पोरं खूश. जॅकी चॅन दुकानातल्या शिडीनं मारामारी करायचा, खुर्चीनं करायचा, हाती लागेल त्या वस्तूनं करायचा. नंतर 'शाओलिन सॉकर' आला, 'कुंग फू हसल' आला. ते आम्ही इतक्यांदा पाहिले की भाऊची सीडी अडकायला लागली.

आम्ही म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, म्हणून दादा. पिक्चर संपला की आम्ही मक्याच्या वावरात जायचो. तुऱ्हाट्या हातात घ्यायच्या आणि भिडायचं. दादा नेहमी गुरू व्हायचा, मी शिष्य. शिष्याला आधी खूप मार खावा लागतो, हा नियम दादानंच काढला होता. मोठी आई ओट्यावरून ओरडायची, "मरता का रे एकमेकाला मारून!" आम्ही हात जोडून, कमरेत वाकून तिला चिनी नमस्कार करायचो.

हे सगळे पिक्चर 'चायना'चे नसून हाँगकाँगचे, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? गंमत अशी की आमच्या घरापर्यंत आलेल्या त्या काळ्या वायरीचं मूळही हाँगकाँगमध्येच सापडतं. १९९१ साली स्टार टीव्ही सुरू झाला तो हाँगकाँगमधून. १९९२ मध्ये झी टीव्हीनं त्याच एशियासॅट उपग्रहावर जागा भाड्यानं घेऊन प्रसारण सुरू केलं, आणि गल्लोगल्ली डिश अँटेना आणि केबलवाले उगवले. भारतातल्या खाजगी टीव्हीची नाळ अशी त्या छोट्या बेटाशी जोडलेली आहे. पण हे मला कळलं फार उशिरा, इंजिनिअर होऊन पुण्याला आल्यावर.

दादा २०१२ साली फौजेत भरती झाला. भोकरदनच्या रस्त्यावर पहाटे पाचला पळणाऱ्या पोरांतला तो एक. त्याला सोडायला जालन्याच्या स्टेशनवर गेलो तेव्हा गाडी हलताना त्यानं खिडकीतून हात जोडून तोच चिनी नमस्कार केला. मी हसलो. मोठी आई रडत होती.

* * *

२०१४ मध्ये मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला आलो. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं. एक परभणीचा, एक बीडचा आणि मी. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारायचो. परभणीकराकडं एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती. कुठून काय काय गोळा केलं होतं त्यानं देव जाणे. त्यात एका फोल्डरमध्ये ४५ भागांची एक मालिका होती. इंग्रजी सबटायटल असलेली, चित्र धूसर, हिंदी डबिंग नाही.

ती मालिका होती टीव्हीबीची. टीव्हीबी म्हणजे हाँगकाँगचं जुनं, सर्वांत मोठं चॅनेल, १९ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झालेलं. चाऊ युन-फॅट, अँडी लाऊ, टोनी लिअंग, आमचा 'शाओलिन सॉकर'वाला स्टीफन चाऊ, हे सगळे तिथंच तयार झाले. नटांसाठी त्यांचा स्वतःचा प्रशिक्षणवर्ग होता. मालिका जिन योंग या लेखकाच्या कादंबरीवर होती. हा माणूस १९४८ मध्ये हाँगकाँगला आला, १९५९ मध्ये त्यानं 'मिंग पाओ' नावाचं वर्तमानपत्र काढलं, आणि पेपर खपावा म्हणून त्यात रोज कादंबरीचा एकेक तुकडा लिहिला. तलवारी, गुरू-शिष्य, सूड आणि प्रेम. चिनी वाचणाऱ्या जगात त्याला न ओळखणारा माणूस विरळा. त्याच्या या कादंबरीचं नाव मराठीत सांगायचं तर 'अष्टगण'. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग. बौद्ध ग्रंथांत बुद्धाचा उपदेश ऐकायला येणारे आठ प्रकारचे जीव.

हे वाचून मी चाटच पडलो. हाँगकाँगच्या मारामारीच्या मालिकेच्या नावात आमचे यक्ष-किन्नर काय करताहेत?

त्यात किऊ फुंग नावाचा नायक आहे. भिकाऱ्यांच्या एका मोठ्या लढाऊ संघाचा तो प्रमुख. दणकट, दिलदार, बोलण्यात सरळ. सीमेपलीकडच्या खितान लोकांशी चीनचं हाडवैर, आणि त्यांच्याविरुद्ध लढण्यात हा सगळ्यांत पुढं. एके दिवशी भर सभेत उघड होतं की तो स्वतःच जन्मानं खितान आहे. तीस वर्षांपूर्वी यानमन नावाच्या खिंडीत चिनी वीरांनी खोट्या बातमीवर विश्वास ठेवून त्याच्या आईबापावर हल्ला केला होता, आणि उरलेलं पोर एका चिनी शेतकरी जोडप्याला वाढवायला दिलं होतं. ज्यांच्यासाठी तो आयुष्यभर लढला तेच लोक एका दुपारीत त्याचे वैरी होतात. त्यानं काही केलेलं नसतं. तो फक्त दुसऱ्या बाजूला जन्मलेला असतो.

आम्ही तिघांनी त्या ४५ भागांसाठी एम-थ्री पणाला लावला. बीडकराचा तो राहिला. पण सबटायटल वाचून वाचून माझं इंग्रजी वाचन सुधारलं, हे मी आजही मानतो. प्रेझेंटेशनमध्ये घाम फुटणाऱ्या माझ्यासारख्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोराला ती शिकवणी फुकट मिळाली.

मालिका १९९७ ची. मी जन्मलो ते वर्ष. १ जुलै १९९७ ला ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनला परत दिलं ते वर्ष.

मग आम्हाला वेडच लागलं. टीव्हीबीच्या जुन्या मालिका, नव्या मालिका, राजवाड्यातल्या, पोलिसांच्या, एकत्र कुटुंबांच्या. कुटुंबांच्या मालिकांतली एक गोष्ट आम्हाला फार आवडायची. कुणाचं प्रेम मोडो, नोकरी जावो, बाप मरो, कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, भूक लागली का, नूडल्स करून देऊ का? हे त्या मालिकांत इतक्यांदा येतं की हाँगकाँगचे लोक स्वतःच त्याची चेष्टा करतात. आम्हाला त्यात चेष्टा दिसली नाही. आमच्या घरी दुःखाच्या वेळी दुसरं काय विचारतात? त्या भाषेत भेटल्यावर 'कसा आहेस' याऐवजी 'सिक चो फान मेइ' म्हणायची रीत आहे. म्हणजे 'जेवलास का?' मी हे शिकल्यावर घरी फोन केला की आईला तेच म्हणायचो. ती म्हणायची, "काय बोलायला रे? मराठीत बोल. जेवला का?"

त्याच वर्षी आम्ही तिघं अजिंठ्याला गेलो. मी लहानपणापासून शाळेच्या सहलीनं तिथं जात होतो आणि दरवेळी माकडंच पाहून यायचो. या वेळी १९ व्या लेण्याच्या बाहेर नागराजा आणि त्याची राणी बसलेली दिसली, पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या आजूबाजूला किन्नर दिसले. परभणीकर म्हणाला, "हे तर आपले टायटलवाले." आम्ही इतके मोठ्यानं हसलो की पहारेकऱ्यानं हटकलं. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दगडी हत्ती आहेत. सातव्या शतकात, ६४१ च्या सुमारास, ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन त्यानं केलंय. तो विहार म्हणजे अजिंठाच असं बरेच अभ्यासक मानतात. इथल्या माणसांबद्दलही त्यानं लिहून ठेवलंय, की ही माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत.

हा माझ्या चीनप्रेमाचा शिखराचा काळ. मी भेटेल त्याला ऐकवायचो की तेराशे वर्षांपूर्वी चीनमधून आलेला माणूस आमच्या घरापासून गाडीवर तासाभराच्या वाटेवर येऊन गेला असणार. चीन म्हणजे जुनी संस्कृती, चीन म्हणजे गुरूचा मान, चीन म्हणजे दिलेला शब्द. हाँगकाँग, चीन, कादंबरी, देश, सरकार, सगळं माझ्या डोक्यात एकाच मक्याच्या वावरात उभं होतं.

* * *

२०१८ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला जिन योंग गेला. ऑफिसात कुणाला सांगावं असं कुणीच नव्हतं. मी आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिहिलं, बीडकरानं हात जोडलेले दोन इमोजी टाकले.

पुढच्या वर्षी हाँगकाँग पेटलं. जून २०१९ पासून लाखो लोक रस्त्यावर, छत्र्या, अश्रुधूर. सुरुवातीला मी ते मालिकेसारखंच पाहिलं. ओळखीचे रस्ते, ओळखीच्या पाट्या. मग कळलं की आंदोलक आमच्या लाडक्या टीव्हीबीवर चिडलेत. चॅनेल बीजिंगच्या बाजूनं बातम्या देतं असा त्यांचा आरोप होता. जुलैमध्ये पोकारी स्वेट या पेयाच्या कंपनीनं तिथल्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. ज्या पोरांना टीव्हीबीच्या मालिकांनी वाढवलं तीच पोरं आता आईबापांना सांगत होती, ते चॅनेल लावू नका. ऑगस्टमध्ये जॅकी चॅननं चिनी सरकारी वाहिनीवर राष्ट्रध्वजाच्या रक्षणाची भाषा केली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला पाठिंबा देणाऱ्या दोन हजारांवर कलाकार आणि संस्थांच्या यादीत त्याचं नाव आलं.

बीडकराचा तो देव. खोलीत त्याचं पोस्टर होतं. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "आता याचे पिक्चर पाहवत नाहीत. शिडी घेऊन गरिबासाठी मारामारी करणारा माणूस शेवटी मालकाच्या बाजूचा निघाला." परभणीकर म्हणाला, "नट आहे तो. घर तिथं, धंदा तिथं. आपले नट काय वेगळं करतात?" मी मध्येच लोंबकळत राहिलो. मला दोघांचंही पटत होतं.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हाँगकाँग आणि चीन हे एक वावर नाही. मध्ये बांध आहे, आणि बांधावरून भांडण चालू आहे.

* * *

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन धावड्याला आलो. नेटवर्क फक्त स्लॅबवर यायचं. सकाळी मी पत्र्याच्या सावलीत मीटिंग घ्यायचो आणि खाली बाप मिरचीच्या ठिबकच्या नळ्या नीट करायचा. रात्री स्लॅबवरच अंथरूण टाकून मी पुन्हा त्या ४५ भागांना सुरुवात केली. दादा तेव्हा लडाखकडं होता. नेमका कुठं, ते तो सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू.

१५ जूनच्या रात्री गलवान झालं. आपले २० जवान गेले. बातमी गावात आली ती दुसऱ्या दिवशी, आधी तीन, मग वीस. दादाचा फोन लागत नव्हता. मोठी आई दोन दिवस चुलीपाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, एका मिनिटाचा. "मी ठीक हाय. मायला सांग, जेवण चांगलं भेटतं."

मग तपशील येत गेले. दोन्ही बाजूंमधल्या करारांमुळं तिथं गोळी चालवायची नाही अशी पद्धत. म्हणून काठ्या, दगड, खिळे ठोकलेले दांडके, आणि खाली बर्फासारखी थंड नदी. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला. तुऱ्हाट्या घेऊन मक्याच्या वावरात भिडणारे दोघं मला दिसत होते, आणि ते विचार मला नको होते.

गावात चिनी मालाविरुद्ध वातावरण तापलं. कुणी खेळणी फोडली, कुणी घोषणा दिल्या. २९ जूनला सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीचे टिकटॉकवर काही हजार फॉलोअर होते. ती मिरचीच्या वावरात उभी राहून डायलॉग म्हणायची. तिनं ॲप बंद झाल्याच्या रात्री नवऱ्याला विचारलं म्हणे, "माझे व्हिडिओ चीनकडं राहिले का आपल्याकडं?" गाव हसलं. मी हसलो नाही, कारण मीही तेव्हा असलाच हिशेब करत होतो.

मी काय केलं ते सांगतो. गावच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आपल्यातले काही शिकलेले लोक अजून चिनी सिरियली पाहतात म्हणे?" नाव घेतलं नव्हतं, पण स्लॅबवरून रात्री आवाज खाली जातो. मी त्या रात्री बहिष्काराचं स्टेटस टाकलं. टाकलं ते चिनी कंपनीच्या फोनवरून. मला त्यातला एक शब्दही मनापासून वाटत नव्हता, पण मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली, की दादा तिथं आहे आणि मी इथं हे पाहतोय.

गावातले एक निवृत्त गुरुजी सकाळी फिरताना भेटले. माझं स्टेटस त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी रागावून नाही, सहज विचारलं, "कोटणीस माहीत आहेत का तुला?" सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी चाललेल्या युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. मला हे माहीत होतं. पण गुरुजींनी पुढं जे म्हटलं ते माहीत नव्हतं. म्हणाले, "बासष्ट साली मी शाळेत होतो. आम्हीही घोषणा दिल्या. दिल्या पाहिजेत तेव्हा द्याव्यात. पण कोटणीसांचा फोटो आमच्या मास्तरांनी भिंतीवरून काढला नाही."

जुलैच्या शेवटी दादाचा लांब फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काय रे, तू अजून ते पाहतो का? चिन्यांचं?"

मी म्हणालो, "दादा, ते हाँगकाँगचं आहे. ते लोक स्वतःच—"

"मला नको शिकवू."

मी तरी शिकवलं. किऊ फुंगची गोष्ट सांगायला लागलो. सीमेच्या दोन्ही बाजूंचा माणूस, खिंड, खोटी बातमी, उगाच मेलेले लोक. माझ्या मते मी फार शहाणं काहीतरी सांगत होतो. दादानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "तू स्लॅबवर बसून सांगायला. मी खिंडीत हाय. तिथं संगीत नसतं वाजत मागं."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. फोन ठेवल्यावर मी ते फोल्डर उघडलं आणि ४५ च्या ४५ भाग डिलीट केले. रिसायकल बिनमधूनही. मी ४२ व्या भागावर होतो.

* * *

पुढची दोन-तीन वर्षं मी काही पाहिलं नाही. आजूबाजूला सगळे कोरियन मालिका पाहायला लागले. कोरियाशी आपलं काही भांडण नाही, त्यामुळं त्या निर्धास्त पाहता येतात. चीनच्याही नव्या मालिका हिंदीत डब होऊन येत राहिल्या. त्या मँडरिनमधल्या, चकचकीत, आणि टीव्हीबीचे कितीतरी नटनट्या आता त्यांतच कामं करतात, कारण पैसा तिकडं आहे. एकदा एक भाग लावून पाहिला. चेहरा ओळखीचा होता, आवाज दुसऱ्याचाच. मला हॉस्टेलमधली ती धूसर, चढउताराची भाषा हवी होती.

मी परत तिच्याकडं आलो ते कामातून. आमच्या एका ॲपमध्ये मराठी नावं मोडत होती. 'दुसऱ्या', 'सातऱ्याचा' यांतला तो अर्धा र, ज्याला आपण लहानपणी नुसती रेघ म्हणायचो, फॉर्ममध्ये टाकला की चौकोन यायचा. हिंदीत तो नाही, म्हणून कुणी तपासलाच नव्हता. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली तीच २००८ मध्ये. त्याबद्दल वाचता वाचता मी हाँगकाँगपाशी पोचलो. कँटनीज रोजच्या बोलण्यात वापरते अशी कितीतरी अक्षरं जुन्या चिनी संगणक-संचात नव्हतीच. 'थोडं' म्हणायचं चिन्ह नाही. हाँगकाँग सरकारला १९९९ मध्ये साडेचार हजारांवर अक्षरांचा वेगळा पुरवणी संच काढावा लागला. त्यात माणसांच्या आणि जागांच्या नावांतली अक्षरंही होती.

म्हणजे त्यांचाही चौकोन यायचा.

कँटनीज बोलणारे साधारण मराठी बोलणाऱ्यांइतकेच, आठ कोटींच्या आसपास. आणि तरी चीनमध्ये तिला 'बोली' म्हणतात. २०१० च्या जुलैमध्ये ग्वांगझूमध्ये एका सल्लागार समितीनं सुचवलं की आशियाई क्रीडा स्पर्धा येताहेत, तर शहराच्या टीव्हीचं मुख्य प्रसारण कँटनीजऐवजी मँडरिनमध्ये करा. लोक रस्त्यावर उतरले. हाँगकाँग नव्हे, मुख्य भूमीवरचं शहर. चीनमधल्या माणसांनी चीनमध्ये टीव्हीच्या भाषेसाठी आवाज केला. माझ्या डोक्यातल्या 'चीन' नावाच्या एकसंध ठोकळ्याला तिथं दुसरा तडा गेला. पहिला तडा माझ्या प्रेमाला गेला होता, हा रागाला गेला.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडं पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत मी पुण्यात बऱ्याच चर्चा ऐकल्या. ग्वांगझू आणि पुणे एक नाही, हे मला कळतं. तिथं बोलायची जी किंमत पडते ती इथं पडत नाही, आणि माझं अर्धं बालपण तर हिंदी डबिंगनंच वाढवलं. पण ऑफिसात मी सवयीनं 'हाव' म्हणालो की अजून कुणीतरी हसतं, आणि हसणारा मराठीच असतो. तेव्हा मला वाटतं की मला त्या मालिकांत तलवारी कधीच फार आवडल्या नव्हत्या. मला ते 'जेवलास का' आवडलं होतं, जे कुठल्याही सरकारचं नव्हतं.

* * *

यंदा पोळ्याला दादा सुट्टीवर आला. केस कानांपाशी पांढरे झालेत. आता त्याचं पोस्टिंग दुसरीकडं आहे. लडाखमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंची गस्तीबद्दल सहमती झाली, दिवाळीला सीमेवर मिठाईची देवाणघेवाण झाली, जुलै २०२५ पासून चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसाही मिळायला लागला. मी हे त्याला बातमी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मिठाई आम्ही आधी पण द्यायचो. वीसच्या आधी." आणि बैलाच्या शिंगाला लावायचा रंग ढवळत राहिला.

पाच वर्षांत आम्ही त्या फोनचा विषय काढला नव्हता. मला माफी मागायची होती, पण कशाची, ते नीट सांगता येत नव्हतं. पाहत होतो त्याची? पाहणं सोडलं त्याची? का त्या स्टेटसची, जे त्यानं बहुतेक पाहिलंही नसेल?

रात्री आम्ही स्लॅबवर झोपलो होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं त्याला झोप लागली.

"तो माणूस," दादा म्हणाला. "खिंडीतला. त्याचं काय झालं शेवटी?"

मी उठून बसलो. शेवटचे तीन भाग मी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते, पण हॉस्टेलमधलं सगळं आठवत होतं. मी सांगितलं. तो आपल्या खितान लोकांत जातो. तिथला राजा त्याचा मानलेला भाऊ होतो. मग राजाच चीनवर चाल करून जायला निघतो, आणि याला म्हणतो, तू सैन्य घेऊन पुढं हो. तो नाही म्हणतो. शेवटी त्याच यानमन खिंडीसमोर, दोन्हीकडची फौज उभी असताना, तो राजाकडून वचन घेतो, की तू जिवंत असेपर्यंत तुझा एकही सैनिक ही हद्द ओलांडणार नाही. राजा वचन देतो आणि जाता जाता म्हणतो, आता चीनवाले तुला मोठं बक्षीस देतील. मग तो मोडलेला बाण उचलतो आणि स्वतःच्या छातीत खुपसतो. कारण त्यानं आपल्या राजावर जबरदस्ती केलेली असते.

दादा गप्प होता. खाली मोठी आई कुणाला तरी विचारत होती, पोरं जेवली का नीट, का पुरण तसंच ठेवलं.

"आणि राजानं पाळलं का? वचन?"

मी आठवून पाहिलं. "मालिका तिथंच संपते," मी म्हणालो.

"हं," दादा म्हणाला. जरा वेळानं कुशीवर वळला. "तुझ्याकडं हाय का ते अजून?"

"नाही. डिलीट केलं होतं."

"काहून?"

मी काही बोललो नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. सकाळी तो बैल धुवायला नदीवर गेल्यावर मी परभणीकराला फोन केला, आणि ती जुनी हार्ड डिस्क अजून चालते का ते विचारलं.